छर्रे वाहायला लागतात तेव्हा

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईंना एका प्रश्नानं पछाडलं होतं. वाटेत वेड्यावाकड्या अडथळ्यांची गर्दी असली, तर मागून रेटलेले कण नेमके कधी वाहायला लागतात? त्यांनी एका ट्रेमध्ये जशा सुचतील तशा टाचण्या रोवल्या होत्या, वर दाट तेल, आणि तेलात बारीक पोलादी छर्रे. ट्रे हळूहळू तिरका करत जायचा. बराच वेळ छर्रे ढिम्म. मग कधीतरी एखादी नागमोडी धार सुटते. ती कोणत्या उतारावर सुटेल हे बाईंनी गणितानं काढलं होतं, पण छर्रे त्यांच्या गणिताला भीक घालत नव्हते.

ट्रे बनवला होता नवऱ्यानं. तो कारखान्यात लेथवर काम करायचा. बाई त्याला लाडानं ‘मिस्त्री’ म्हणत. सुट्टीला तो प्रयोगशाळेत येऊन ट्रे तिरका करणारा स्क्रू फिरवायचा आणि बाई कॅमेऱ्याला डोळा लावून बसायच्या.

एका रविवारी छर्रे सुटले. अगदी गणिताच्या उतारावर! बाईंनी मिस्त्रीला मिठीच मारली. पुढच्या रविवारीही सुटले, त्याच्या पुढच्याही. शोधनिबंध छापून आला, बाईंचं नाव झालं.

मग दुसऱ्या प्रयोगशाळेतली जुनी वर्गमैत्रीण भेटायला आली. “तुझ्या उतारावर आमचे छर्रे जागचे हलत नाहीत गं. दाखव तरी, तू कसं करतेस.”

मिस्त्री कामावर होता, म्हणून स्क्रू मैत्रिणीनं फिरवला. तो उतार आला नि गेला. छर्रे हूं की चूं करेनात.

“एरवी स्क्रू कोण फिरवतं?” मैत्रिणीनं सहज विचारलं. “नवरा,” म्हणताना बाईंची नजर टेबलाकडे गेली.

ती गेल्यावर त्यांनी जुनी चित्रणं लावली. ट्रेबाहेर, टेबलावर, एक चुकार छर्रा पडलेला दिसत होता. धार सुटायच्या ऐन क्षणी तोही टुणकन उडाला होता. प्रत्येक चित्रणात असंच. टेबलाला धक्का बसला होता, आणि टेबलापाशी दोघंच तर असायची.

घरी मिस्त्री कांदा चिरत होता.

“टेबल तू हलवायचास?”

सुरी थांबली. “गुडघ्यानं. जरासं. तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता गं, मला बघवेना. म्हटलं, चार छर्रे हलले तर कुणाचं काय बिघडतं?”

“मी मिठी मारली तेव्हाही तुला माहीत होतं?”

तो पुन्हा कांदा चिरू लागला.

“गणित चुकलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं रे. दुसऱ्या कुणी केसानं गळा कापला असता, तर तुझ्यापाशी येऊन रडले असते. आता कुणापाशी जाऊ?”

बाईंनी निबंध मागे घेतला. धक्क्याचं कबूल केलं, पण तो कुणाचा ते लिहिलं नाही. लोकांनी तो त्यांचाच धरला.

“मी सांगतो ना सगळ्यांना,” मिस्त्री म्हणाला.

“नको. तुझी मदत पुरे झाली.”

त्यांनी टेबल जमिनीला बोल्टनं आवळलं आणि स्क्रू स्वतः फिरवू लागल्या. शेवटी छर्रे सुटले, गणितापेक्षा बऱ्याच तीव्र उतारावर. कारणही सापडलं: छर्रे एकमेकांना रेटत टाचण्यांपाशी कमानी करून अडकत, आणि ते गणितात धरलंच नव्हतं. खरं उत्तर आधीच्यापेक्षा सुंदर होतं. बाईंनी सवयीनं मिस्त्रीला हाक मारायला मान वळवली, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

“आज काय झालं?” संध्याकाळी मिस्त्रीनं विचारलं.

“काही नाही,” म्हणत बाईंनी त्याला जेवायला वाढलं.