एकशे छपन्न ओळी

"भाऊ, त्या रिकाम्या चौकटींचं जरा सांगायचं होतं," सत्यशीला सिस्टर म्हणाल्या.

"रिकाम्याचं मशीन बघून घेतं, सिस्टर. तुमी फकस्त पुढची नावं सांगत जा," तन्वीर म्हणाला. त्याची बोटं कीबोर्डवरून उठलीसुद्धा नाहीत.

आरोग्य उपकेंद्रात एकोणतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढं कळतं, की शिकलेला माणूस कामात असला की मध्ये बोलू नये. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पुढचं नाव वाचलं. करिष्मा. जून, नऊ किलो शंभर.

परळीला रेल्वे स्टेशनसमोर तन्वीरचं दुकान होतं. पुढच्या अर्ध्या भागात त्याचे वडील मैनुद्दीन विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरायचे, मागच्या अर्ध्यात पडदा लावून तन्वीर आकडे भरायचा. थर्मल वीजकेंद्राची राख दोघांच्याही कामावर सारखीच बसायची. तन्वीर स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झाला, सरकारी नोकरीच्या चार परीक्षा दिल्या, चारही वेळा दोन-तीन मार्कांनी राहिला, आणि मग 'आर' नावाची आकडेमोडीची भाषा स्वतःच शिकला. शिकवायला कुणी नव्हतं. अडलं की इंटरनेटवर प्रश्नोत्तरांची एक साइट होती, तिथं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायचं. कुठल्या कुठल्या देशातला कुणी भला माणूस उत्तर द्यायचा. अशी दहा वर्षं गेली. आता पीएच.डी.ची मंडळी कापसाच्या बोंडांचे, मातीच्या नमुन्यांचे आकडे घेऊन त्याच्याकडे यायची आणि सुबक आलेख घेऊन जायची. हाताला कसब होतं, त्यात शंका नाही. खोड एकच होती. आलेख देखणा हवा. तुटकी रेष दिसली की त्याला घासात खडा आल्यासारखं व्हायचं.

सिस्टरांचं काम प्रबंधाचं नव्हतं. धर्मापुरीच्या पलीकडे खडकवस्ती आणि तिच्या आसपासच्या तीन वाड्या त्यांच्याकडे होत्या. दर महिन्याला पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं वजन त्या करायच्या आणि सरकारी रजिस्टर भरून झालं की स्वतःच्या एका लांबोड्या वहीतही उतरवून ठेवायच्या. एका मुलाची एक ओळ, बारा महिन्यांच्या बारा चौकटी. यंदा बाहेरची एक संस्था दोन गावांत हंगामी पाळणाघर काढणार होती. आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरं आजीजवळ गावातच राहतील, दोन वेळा गरम जेवतील, उसाच्या फडात पाचटावर लोळणार नाहीत, अशी ती योजना. पाच गावांनी अर्ज केले होते. प्रत्येकाला बोलायला दहा मिनिटं मिळणार होती. सिस्टर ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होत्या, आणि त्याआधी खडकवस्तीला हे पाळणाघर मिळावं, ही एकच गोष्ट त्यांनी मनात धरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे चौदा मुलांच्या दोनशे चौदा ओळी भरून झाल्या. तन्वीरने दर महिन्याच्या सरासरी वजनाची रेष काढायला सांगितली, तर स्क्रीन कोरा. दोनदा तपासलं, तीनदा तपासलं. मग सवयीने साइट उघडली आणि प्रश्न टाकला. आठ मिनिटांत उत्तर आलं. उत्तर कसलं, उलट प्रश्नच आला.

'काही चौकटी रिकाम्या दिसतात. त्या रिकाम्या का आहेत?'

सिस्टर त्याच्यापासून दोन हातांवर स्टुलावर बसल्या होत्या. बशीत चहा ओतून निववत होत्या. मान वळवली असती तरी पुरलं असतं. तन्वीरने मान वळवली नाही. त्याने टाइप केलं, 'नोंद झालेली नाही, एवढंच.'

'मग ज्या ओळीत एक जरी चौकट रिकामी असेल, ती ओळ गाळून टाका,' पलीकडच्या माणसाने लिहिलं आणि खाली तशी आज्ञाही लिहून दिली.

तन्वीरने ती चिकटवली. स्क्रीनवर रेष उमटली. जूनपासून मेपर्यंत हळूहळू चढत गेलेली, कुठेही न तुटलेली. त्याने तिला हिरवा रंग दिला, खाली महिन्यांची नावं मराठीत टाकली, वर गावाचं नाव ठसठशीत केलं.

"कसं काय वाटतंय, सिस्टर?"

"लई छान दिसतंय," सिस्टर म्हणाल्या. "पण मला मेलीला ह्यातलं काय कळतंय, बाबा."

"काळजीच करू नका. मी सोता येतो ना प्रोजेक्टर लावायला."

बैठक परळीतच एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये झाली. संस्थेच्या समितीचे प्रमुख सुंदरराव नावाचे गृहस्थ होते. मृदू बोलणारे, पांढरे केस, चष्म्यावरून बघायची सवय. बाकीच्या गावांनी हाताने काढलेले तक्ते आणले होते, एका गावाने नुसतेच फोटो. खडकवस्तीची पाळी आली आणि भिंतीवर हिरवी रेष झळकली तेव्हा हॉलमध्ये जरा कुजबुज झाली. तन्वीरची छाती फुगली. खोटं कशाला बोला, तेव्हा त्याचं लक्ष सिस्टरांकडे नव्हतंच, रेषेकडे होतं.

सुंदररावांनी आलेख नीट पाहिला. मग म्हणाले, "सिस्टर, मनापासून अभिनंदन. इतकी काटेकोर नोंद आम्ही कुठेच पाहिली नाही. तुमच्याकडची मुलं वर्षभर छान वाढतायत. हे तुमच्याच कष्टाचं फळ आहे."

टाळ्या वाजल्या. सिस्टर भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"तेव्हा हे पाळणाघर जिथं जास्त गरज आहे तिथं द्यावं, असं तुम्हालाही वाटेल," सुंदरराव म्हणाले आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

स्टँडवर धर्मापुरीच्या गाडीची वाट बघताना सिस्टर वही उघडून बसल्या. तन्वीर त्यांची समजूत घालत होता, की निकाल अजून लागायचाय, कागद तर आपलेच उजवे होते.

"भाऊ, एक विचारू का? राग मानू नका," सिस्टर म्हणाल्या.

"बोला की."

"त्या रेषेत आमची करिष्मा कुठं हाय?"

"ती सगळ्यांची सरासरी हाय, सिस्टर. करिष्मा बी त्याच्यातच असंल."

"मग ती चढती कशी? करिष्मा दिवाळीला साडेनऊ किलोची गेलती. गुढीपाडव्याला आठ किलोची आली. तिच्यावानी लई लेकरं हायत. रेष एकदा तरी खाली याया पायजे होती न्हवं?"

"मग तुमी तितं कावून न्हाई बोलल्या?"

"आकडे माझ्याच वहीतले. काढले मशीनीनं. एवढी शिकली-सवरलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली, मग मला वाटलं, माझंच डोकं चुकत असंल." गाडी आली. सिस्टर पिशवी सावरत चढल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "जावा तुमी बी. ऊन लई हाय."

तो दुकानात आला तो तडक पडद्यामागे गेला. गाळणीतून किती ओळी उरल्या, हे त्याने मोजायला सांगितलं. अठ्ठावन्न. त्याने नावं काढली. किराणावाल्याचा नातू. शाळेच्या शिपायाची जुळी. ट्रॅक्टरमालकाची मुलगी, गवंड्याचा मुलगा. ज्यांचे आईबाप कुठंच जात नाहीत, ती सगळी मुलं. बाकीच्या एकशे छपन्न ओळींत नोव्हेंबर ते मार्च अशा पाच चौकटी रिकाम्या होत्या, म्हणून त्या ओळी मुळासकट गेल्या होत्या. करिष्माही त्यांतच. ज्या लेकरांसाठी बाई धडपडत होती, तेवढीच नेमकी त्याने वेचून बाहेर काढली होती.

मैनुद्दीन तांब्याची तार गुंडाळत होते. मुलगा असा डोकं धरून का बसलाय, ते त्यांनी विचारलं. तन्वीरने सांगितलं.

"उनकू पूछा था क्या, वो चौकट खाली कायकू है करके?"

तन्वीरने नकारार्थी मान हलवली.

"मोटर आई तो मैं पैले पूछता, कौनसी बावडी पे थी. उसके बाद खोलता," मैनुद्दीन म्हणाले आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले. रागावले नव्हते. रागावले असते तर तन्वीरला उलट बरं वाटलं असतं.

त्याने सिस्टरांना फोन लावला. "सिस्टर, चूक माझी हाय. ज्या लेकराची एक बी चौकट रिकामी, त्याची सगळी ओळच मी काढून टाकली."

"किती निघाली?"

"एकशे छपन्न."

"तेवढीच जात्यात," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी तेच सांगत होते तुमाला. रिकामं म्हंजी लेकरू फडात हाय. असू द्या. तुमी काय मुद्दाम केलं का?"

ह्या बाईने दोन शिव्या हासडल्या असत्या तर तो रात्री झोपला तरी असता.

त्याने नवा आलेख केला. ह्या वेळी सरासरी नाही; प्रत्येक मुलाची एक बारीक रेष. फडात जाणाऱ्यांची ऑक्टोबरपर्यंत यायची, तुटायची, आणि एप्रिलला पुन्हा सुरू व्हायची ती खालून. सात रेषा मात्र तुटल्या त्या तुटल्याच. त्यांचं त्याने सिस्टरांना विचारलं. पाच मुलांचे आईबाप कर्नाटकात तिकडंच राहिले होते. उरलेली दोघं फडातच दगावली, असं सिस्टरांनी सांगितलं.

आलेख संस्थेला पाठवला, सोबत चूक कबूल करणारं पत्रही. अकराव्या दिवशी सुंदररावांचा स्वतःचा फोन आला. तुमचं म्हणणं पूर्ण पटतं, म्हणाले. पण दोन्ही गावं ठरली, बाया नेमल्या, भांडीसुद्धा पोचली. आता त्यांच्या तोंडचा घास काढायचा का? पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं. बोलण्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं. फक्त पुढच्या वर्षी सिस्टर तिथं असणार नव्हत्या, आणि पुढचं वर्ष हे पाच महिन्यांच्या फडाच्या पलीकडे होतं.

दिवाळी झाली. तन्वीर नवा आलेख गुंडाळून मोटारसायकलवर खडकवस्तीला गेला. तो देऊन काय साधणार होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पोचला तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या तयारीत होत्या. मारुतीच्या पारासमोर दोन ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉल्यांत पत्र्याच्या पेट्या, चुली, कोंबड्यांच्या पाट्या, कडब्याच्या पेंढ्या, आणि त्यांवर माणसं. लिंबाच्या फांदीला सिस्टरांनी काटा टांगला होता. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला काट्याच्या निळ्या चड्डीत बसवून त्या वजन करत होत्या. नोकरीचे तीन दिवस उरले होते.

"आलात का? बरं झालं," त्या म्हणाल्या आणि वही त्याच्या हातात दिली. "लिवा."

आलेख तसाच काखेत राहिला. तन्वीर पारावर टेकला आणि सिस्टर सांगतील ते लिहू लागला. करिष्माची पाळी आली. दहा किलो दोनशे.

"नर्सबाई, त्या पाळणाघराचं काय झालं हो?" करिष्माच्या आईने, संगीताने विचारलं. "सासू म्हणती, ठिवून जा लेकराला."

तन्वीरने मान वर केली. सांगायचं त्याच्या जिभेवर आलं होतं.

"औंदा न्हाई जमलं, संगीता," सिस्टर म्हणाल्या. "कागद माझ्याच्यानं नीट झाले न्हाईत."

तन्वीरला कुणी थोबाडीत दिली असती तरी इतकं लागलं नसतं. तो उठून उभा राहिला. "न्हाई ताई. चूक सिस्टरची न्हाई, माझी हाय. मी..."

ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. संगीताने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, ह्या माणसाचा आणि आपला काय संबंध, असं. मग पोरीला काट्यावरून चड्डीसकट ओढून कडेवर घेतलं आणि पळत जाऊन ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टर हलला. पेटीवर बसलेल्या करिष्माच्या कमरेला काट्याचे निळे पट्टे तसेच लोंबत होते.

"सिस्टर, चड्डी गेली," तन्वीर म्हणाला.

"जाऊ द्या. परत कशाला बोलवायचं, आधीच रडतीया."

दुसऱ्या ट्रॅक्टरची मुलं अजून राहिली होती. सिस्टरांनी पिशवीतून धुतलेला टॉवेल काढला, त्याच्या चारी टोकांची गाठ मारली आणि झोळी करून काट्याच्या आकड्याला अडकवली. मुलाला घेण्याआधी त्यांनी रिकामी झोळी तोलली, डोळे बारीक करून काट्याकडे बघितलं.

"टॉवेलाचे दोनशे ग्रॅम. दरवेळी तेवढे वजा करा, भाऊ. न्हाई तर लेकरू उगं जड दिसंल."

तन्वीरने समासात लिहिलं, टॉवेल वजा. एका बाईने वर्षाचं मूल झोळीत ठेवलं. सिस्टरांनी वजन सांगितलं, त्याने वजा करून ऑक्टोबरच्या चौकटीत मांडलं. मग त्याची पेन्सिल पुढच्या चौकटींपाशी थांबली.

"कवा येणार?" त्याने त्या बाईला विचारलं.

"कुटं?"

"परत. गावाला."

असं तिला कुणी कधी विचारलं नसावं. तिने मुलाला झोळीतून उचललं, पदराने त्याचं नाक पुसलं आणि ट्रॉलीकडे चालता चालता म्हणाली, "पाडव्याला येऊ की."

तन्वीरने नोव्हेंबर ते मार्च अशा पाचही चौकटींवरून आडवं लिहिलं, पाडव्याला येऊ. आणि पुढच्या मुलाचं नाव विचारलं.