इवायाचा चेहरा

ओळखीचा चेहरा विसरणं माणसाला शक्यच नाही. निसर्गानं तशी सोयच ठेवलेली नाही. घनसावंगीत राहणारे विज्ञानशिक्षक रामराव हे दर वर्षी नववीच्या वर्गाला सांगत, आणि तीच पोरं दहावीत आली की त्यांना नाव-गाव विचारत.

माकडाच्या मेंदूतही चेहऱ्यांसाठी राखीव जागा असते, ओळखीचं तोंड दिसलं की तिथल्या पेशी जाग्या होतात, असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. तेव्हापासून ते या विषयातले अधिकारी झाले होते.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न वाटूरच्या रखमाजींच्या मुलाशी ठरलं. रखमाजी माणूस चांगला, पण मानाचा भुकेला. समोरच्यानं ओळखून आधी रामराम घातला नाही, एवढ्यावरून त्यांनी मागं एक सोयरीक मोडली होती. व्याहीभेटीत चूक झाली तर वऱ्हाड मांडवातून परत जाणार, हे रामरावांच्या बायकोला, गिरिजाबाईंना, पक्कं ठाऊक होतं. मी मागं उभी राहून इवाई, म्हणजे व्याही कोण ते, दाखवते, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

"माकडाला जमतं ते मला जमणार न्हाई का?" रामराव म्हणाले.

"माकडाला पोरगी उजवायची नसती."

वऱ्हाडाच्या जीपा आल्या. मुलीकडच्यांनी पद्धतीप्रमाणे सगळ्या पाव्हण्यांना फेटे बांधले. एकाच ताग्यातले, गुलाबी, पार भुवयांपर्यंत. आता जो तो नवरदेवाचा बाप दिसू लागला. रामराव हार घेऊन पुढं झाले. एक चेहरा दिसला मात्र, त्यांच्या पेशी खडबडून जाग्या झाल्या. इतकं ओळखीचं तोंड त्या गर्दीत दुसरं नव्हतं. त्यांनी हार घातला आणि कडकडून मिठी मारली.

"सर, मी कचरू," मिठीतला माणूस त्यांच्या कानात पुटपुटला. "रोज शाळंला माझ्याच जीपमधी जाता की. आज वऱ्हाड घेऊन आल्तो. इवाई ते, तुमच्या उजव्या हाताला."

रखमाजी हातभर अंतरावर, तोंड थेट या मिठीकडे करून उभे होते. गिरिजाबाईंनी डोळे मिटून घेतले. रामराव डगमगले नाहीत. चेहरा ओळखीचा, एवढं मेंदूनं बराबर सांगितलं होतं. कुणाचा, हे सांगणं त्याचं काम नव्हे, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. कचरूच्या गळ्यातला हार काढून त्यांनी रखमाजींना घातला आणि खणखणीत आवाजात रामराम केला.

रखमाजींनी त्यांना छातीशी धरलं. "इवाई, मान राखला तुम्ही," ते म्हणाले.

पुढं कित्येक वर्षं रामराव हा प्रसंग विज्ञानाचा विजय म्हणून सांगत राहिले.

रखमाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आवाज आल्याशिवाय त्यांना समोरचा माणूस कळत नसे.