तेरवीच्या दिवशीचं लॉगिन

मशीन खोटं बोलत नाही, हे नितेश सरांचं लाडकं वाक्य. मीटिंगमध्ये, चहाच्या टपरीवर, एकदा तर गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात असतानासुद्धा त्यांनी ते ऐकवलं होतं. आणि खरंच आहे की हो! मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय प्रमोशन पाहिजे, की मुंबईच्या साहेबांसमोर मान वर करून उभं राहायचंय? खोटं बोलायला माणूस लागतो. गजेंद्रला हे कळलं, पण फार उशिरा कळलं.

गजेंद्र मूळचा अमरावतीचा. आईवडील तिकडेच साईनगरात, आणि हा बायको-पोरीला घेऊन अकोल्यात. तिथल्या एमआयडीसीत एका औषध कंपनीची संशोधन लॅब आहे, तिच्यात हा केमिस्ट. काम काय, तर नव्या गोळ्या गरम-दमट कपाटात महिनोन्‌महिने ठेवायच्या, मधूनमधून काढायच्या, आणि त्यांच्यातलं औषध अजून जिवंत आहे की मेलं ते तपासायचं. वर्षानुवर्षं त्याने हे हाताने केलं, पेनाने लिहिलं, खाली सही ठोकली.

मग आलं डिजिटल. नारळ फुटला, फीत कापली, रजिस्टरं गोदामात गेली. आता बाटल्या ट्रेमध्ये लावून द्यायच्या. मशीन आपल्या हिशोबाने एकेक बाटली तपासतं, कॉम्प्युटर आकडा काढतो आणि तो आकडा थेट मुंबईच्या हेड ऑफिसात जाऊन बसतो. कोणी केलं, कधी केलं, ते लॉगिनच्या नावावरून आपोआप नोंदलं जातं. सही गेली, तिच्या जागी पासवर्ड आला.

पण आमच्याकडची काटकसर तुम्हाला माहीतच आहे. नव्या मोटारसायकलवर चौघं बसवू तेव्हा आम्हाला ती परवडली असं वाटतं. लॉगिनच्या प्रत्येक नावाचे कंपनीला वेगळे पैसे पडत होते. नितेश सर विभागाचे प्रमुख, त्यांनी ठरवलं की अख्ख्या टेबलाला एकच नाव पुरे. ते नाव गजेंद्रचं. कुलदीप त्याच नावावर काम करायचा, वर्षालीही करायची, आणि सरांना घाई असली की सरही करायचे. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता, शेजाऱ्यांना दाराच्या चौकटीवरची किल्ली ठाऊक असते तसा.

यात कोणाला काही वावगंही वाटलं नाही. कागदाच्या जमान्यातही तेच चालायचं. कुलदीपची बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती तेव्हा त्याच्या जागी गजेंद्रने सह्या केल्या. वर्षालीची मूर्तिजापूरची गाडी सुटायची वेळ झाली की, "जाय तू, मी मारतो सही," म्हणणारा हाच. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी ही माणसं एकमेकांना सही देत. आपण याला माणुसकी म्हणतो. मुंबईत याला दुसरं नाव आहे.

मागच्या हिवाळ्यात गजेंद्रचे वडील, भगवंतराव, गेले. तेरवी अमरावतीच्या घरी. आदल्या दिवशी नितेश सरांचा फोन आला. "गजूभाऊ, उद्या सगळी लॅब पाठवतोय. माझी स्वतःची गाडी देतो. मला तेवढं लॅब सोडून येता येणार नाही, कोणीतरी थांबायला पाहिजे." मग आईला फोन द्यायला सांगून तिचंही सांत्वन केलं. कौशल्याबाईंनी फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. "देवमानूस हाय बाप्पा तुहा साहेब," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पंगत बसली. कुलदीप, वर्षाली, सगळे मांडी घालून ओळीने. गजेंद्र भादरलेल्या डोक्याने, बुंदीची परात कंबरेवर घेऊन वाढत होता. कुलदीपने पानावर आडवा हात धरला, तर त्याने हात बाजूला सारून वाढलं. "बाबाच्या नावाचं हाय, नाई म्हनू नको," म्हणाला. कौशल्याबाई मधल्या दारात बसून प्रत्येकाला विचारत होत्या, वांग्याची भाजी पोचली काय, कढी घेतली काय. तेरवीला माणसं जेवून तृप्त झाली की गेलेला माणूस सुटला, असं त्या मानतात. त्या दिवशी लोक पोटभर जेवले आणि आईला जरा बरं वाटलं.

चार-पाच महिने गेले. मुंबईहून तपासणीसाठी एक बाई आल्या. वागायला शांत, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी गजेंद्रला आत बोलावलं. नितेश सर शेजारीच बसले होते.

"ही रक्तदाबाची गोळी," बाई म्हणाल्या. "हिचा निकाल तीनदा नापास आलाय. तिन्ही वेळा पुसून टाकलाय आणि चौथ्यांदा पास झालेला आम्हाला पाठवलाय. पुसलेलं आम्हाला दिसत नाही असं तुम्हाला वाटलं का?"

"मी नाई पुसलं, मॅडम."

"लॉगिन तुमचं आहे."

त्यांनी स्क्रीन फिरवली. तारीख पाहून गजेंद्रच्या अंगावर काटा आला, आणि लगेच जीव भांड्यातही पडला. "मॅडम, हे तर माझ्या वडिलांच्या तेरवीच्या दिवशीचं आहे! मी त्या दिवशी लॅबमध्ये नव्हतोच. अमरावतीले होतो."

नितेश सर हळूच खाकरले. "मॅडम, सिस्टीम घरूनही उघडते. बाटल्या आदल्या संध्याकाळी लागलेल्या होत्या, नुसतं बटण दाबायचं होतं. आणि घरून उघडली तरी नोंद लॅबच्याच कॉम्प्युटरची येते." मग गजेंद्रकडे न बघता म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही."

त्या दिवशी लॅबमध्ये एकटे कोण होते, हे गजेंद्रला तिथल्या तिथे कळलं. सगळ्यांना गाडी देऊन अमरावतीला पाठवणारा देवमाणूस! गोळी वेळेवर मंजुरीला गेली नसती तर सरांची मुंबईची बदली हुकली असती, हे अख्ख्या लॅबला माहीत होतं.

"मॅडम, ही नोंद ज्या वेळची हाय ना," त्याचा आवाज चढला, "त्या वेळी मी पंगतीत बुंदी वाढून राहिलो होतो. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. लॅपटॉप काय परातीत ठेवला होता मी?"

"कोणाला वाढत होता? घरच्यांची साक्ष आम्ही धरत नाही."

"लॅबच्याच लोकांले! कुलदीपले विचारा, वर्षालीले विचारा."

बाईंनी दुसरं काहीतरी उघडलं. "त्या दिवशी सगळी लॅब नव्या सिस्टीमच्या ट्रेनिंगला होती. दिवसभर, इथेच. तुमची सोडून प्रत्येकाची हजेरी आहे."

बाईंनी मात्र एक सवलत दिली. उद्या त्या दोघांना एकेकट्याला बोलावून विचारतील. दोघांपैकी एकानेही सांगितलं की गजेंद्र त्या वेळी डोळ्यासमोर होता, तर चौकशी दुसरीकडे वळेल. नाहीतर नोकरी गेली. आणि नुसती नोकरी नव्हे. आकडे खोटे केल्याचा शिक्का एकदा बसला की देशातली कुठलीही औषध कंपनी त्या माणसाला दारात उभं करत नाही. पंचेचाळिशीच्या केमिस्टला दुसरं काय येतं हो? बाटल्याच धुता येतात, त्याही आता मशीन धुतं.

संध्याकाळी त्याने कुलदीपला टपरीवर गाठलं.

"ट्रेनिंगची काय भानगड हाय बे?"

कुलदीपने पेला खाली ठेवला. "तेरवीच्या आदल्या दिवशी सर म्हनले, तुमची सुट्टी काहून खराब करता? ट्रेनिंग दाखवू. आमी हजेरीचे आपापले पासवर्ड टाकून देले. तुह्या बापाच्या तेरवीसाठीच टाकले ना, गजू."

हे खरंच होतं. कोणाच्या मनात पाप नव्हतं. मित्राच्या वडिलांच्या तेरवीला जाता यावं म्हणून साऱ्या लॅबने खोटी हजेरी लावली होती. सरांनी मात्र एका दगडात सगळी पाखरं पाडली. लॅब रिकामी झाली, आणि उद्या कोणी तोंड उघडलंच तर आधी स्वतःच्याच खोटेपणाची कबुली द्यावी लागणार.

"माह्याकडून बाकी काहीच सांगू नको," गजेंद्र म्हणाला. "सराचं नाव घेऊ नको. फक्त येवढंच सांग, की त्या वेळी मी तुले वाढून राहिलो होतो."

"सांगतो ना बे. काय म्हनते! बाबाच्या तेरवीचं जेवलो मी, खोटं बोलीन काय?" कुलदीपने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चहाचे पैसेही त्यानेच दिले. वर्षालीला फोन केला तर ती रडली आणि म्हणाली, "दादा, तुमी कायजी करू नका. मी सांगतो."

त्या रात्री गजेंद्रने बायकोला, आरतीला, सांगितलं की सुटलो समज. आपली माणसं आहेत, वऱ्हाडातली आहेत, मुंबईची नव्हेत. भोळा सांब!

दुसऱ्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर बसला. आधी वर्षाली आत गेली. तिला फार वेळ लागला नाही. बाहेर आली ती ओढणीत तोंड धरून, सरळ बाथरूमकडे. गजेंद्रला वाटलं, सांगताना भरून आलं असेल पोरीला. मग कुलदीप गेला. बाहेर आला तेव्हा त्याने मोबाइल कानाला लावला होता आणि "हॅलो, हॅलो" करत जिना उतरून गेला. गजेंद्रने आत जायच्या आधीच ओळखलं.

"दोघांचंही म्हणणं एकच आहे," बाई म्हणाल्या. "ते दिवसभर ट्रेनिंगला होते. तुमच्या वडिलांच्या तेरवीला ते आलेच नव्हते. येता आलं नाही याचं वाईट वाटलं, असंही म्हणाले."

"आलेच नव्हते?"

"नाही."

गजेंद्रला राग यायला हवा होता, पण आधी लाजच वाटली, आपणच काहीतरी चोरताना सापडल्यासारखी. "मॅडम, तो पासवर्ड सगळ्यांलेच माहीत होता हो," तो म्हणाला. बाईंनी ते टाइप करून घेतलं. म्हणजे पासवर्ड वाटल्याचाही गुन्हा त्याच्याच नावावर वाढला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि वर संन्याशानेच दोर वळून द्यायचा.

खाली पार्किंगमध्ये कुलदीप गाडीला किक मारत होता. ती सुरू होईना. गजेंद्रने किल्लीच काढून घेतली.

"खाल्ल्या अन्नाले तरी जागायचं होतं बे, हलकटा! माह्या बापाच्या नावाचं खाल्लं तू!"

कुलदीप एकदम भडकला. बेइमान माणूस भडकतो तेव्हा जास्तच मोठ्याने भडकतो. "काय करू मंग? आलो होतो म्हनलं असतं, तर खोटी हजेरी म्हनून मलेही काढलं असतं. वर्षालीलेही काढलं असतं. सरानं सकाळीच आत घेऊन सांगतलं, पुढच्या वर्षी अर्धेच लोकं लागनार हायेत लॅबले. तुही नोकरी तर गेली, गजू. आता आमचीही घालवतं काय?"

गजेंद्रने किल्ली त्याच्या हातात दिली. सगळ्यात वाईट हे, की त्याला ते पटलं. आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हा विचार त्याने मनात पुरा होऊच दिला नाही.

आठवड्याच्या आत पत्र आलं. नितेश सरांनी निरोपाला हातात हात घेतला, "मला फार वाईट वाटतंय" म्हणाले, आणि महिनाभरात मुंबईला गेले. टेबलावर आता प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन आहे, असं कळतं.

रविवारी गजेंद्र अमरावतीला गेला. आईला सांगायचं नाही असं आरतीशी ठरलं होतं, पण आईपासून काय लपतं? कौशल्याबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा सुपडं खाली ठेवलं. मग त्याने सगळं सांगितलं. लॉगिन, सिस्टीम, घरून उघडणं हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. त्या एकाच ठिकाणी अडकल्या.

"म्हंजे ते आलेच नव्हते, असं म्हनले?"

"हो."

"तो उंच पोट्टा? ज्याले तू बळजबरी वाढलं?"

"तोच."

"अन् ते मूर्तिजापूरची पोरगी? ते तर माह्या पाया पडली."

"ते बी नाईच म्हने, माय."

कौशल्याबाईंनी सुपडं पुन्हा मांडीवर घेतलं, ज्वारीतून बोटं फिरवली. मग त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं, फार अपराध्यासारखं.

"काहून रे गजू," त्यांनी विचारलं, "जेवनात आपलं काही कमी पडलं होतं काय?"