फुनाफुटीची भरती

सुमतीकाकूंची आठवण मला प्रथम त्यांच्या तळव्यांची येते. कोणाच्याही घरी गेल्या की त्या दाराशी चपला काढीत, उजवे पाऊल गालिच्यावर ठेवीत आणि थांबत. आधी टाच, मग चवडा, मग एकेक बोट, अशा क्रमाने त्या जमीन दाबून पाहत. वैद्याने मनगटावर बोटे ठेवून डोळे मिटावेत, तसे त्यांचे डोळे त्या वेळी मिटलेले असत. दाबल्या जागी काही उमटत नाही अशी खात्री पटली, की त्यांच्या चेहऱ्यावरची एक सूक्ष्म शीर सैल होई आणि त्या म्हणत, "कोरडं आहे हो तुमचं." आम्ही हसत असू. अमेरिकेतल्या सनीव्हेलमध्ये, जिथे निम्म्याहून अधिक वर्ष आभाळ थेंबाचेही दान करीत नाही, टेकड्या वाळक्या गवताने पिवळ्या पडतात आणि दुपारच्या उन्हात मोटारींच्या टपांवरून प्रकाश वितळल्यासारखा वाहतो, तिथे ओल कुठून येणार?

आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खाली, तळमजल्यावर त्या त्यांच्या मुलाकडे, निखिलकडे राहत. सकाळी कंपनीची बस निखिलला घेऊन गेली, की त्या घरात एक विलक्षण निःशब्दता भरून येई. रिकाम्या शंखात असते तशी, ऐकू पाहणाऱ्यालाच ऐकू येणारी. जमिनीवर तिथे काहीही नसे. तांदळाचा डबा स्टुलावर, पुस्तके दुसऱ्या फळीपासून वर, देवांचा चौरंगदेखील दोन विटांवर चढवलेला. गुडघ्याच्या उंचीवर एक अदृश्य रेषा साऱ्या घरातून फिरत होती आणि तिच्याखाली काकूंनी काहीच ठेवले नव्हते. फ्रिजवर चुंबकाने अडकवलेला एक कागद असे, आकड्यांच्या ओळींनी भरलेला. ते वेळापत्रक बसचे असावे असे मला कितीतरी महिने वाटत होते. त्यातल्या ठरावीक वेळा आल्या, की काकू बोलता बोलता दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेत, पदर पावलांवर ओढीत आणि वाक्य जिथे सोडले तिथूनच पुन्हा धरीत. गुडघे दुखत असतील, असे मी स्वतःला सांगितले होते.

ते वेळापत्रक कशाचे होते, ते माझ्या मुलीमुळे कळले.

ईरा तेव्हा सहावीत होती. वर्गात प्रत्येकाला एकेक देश नेमून दिला होता आणि फेब्रुवारीतल्या सुट्टीत त्यावर अहवाल लिहायचा होता: भूगोल, शासन, अर्थव्यवस्था. तिच्या वाट्याला तुवालू आला. "धिस इज सो अनफेअर," ती काकूंकडे पोहे खाताना कुरकुरली. "अनन्याला जपान मिळालं. माझा देश मॅपवर दिसतसुद्धा नाही."

काकूंच्या हातातला चमचा बशीवर टेकला. त्यांनी मनगटातली बांगडी उतरवली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"हा बघ तुझा देश. बाहेर समुद्र, आतही समुद्र. माणसं राहतात ती या काचेवर."

त्या काचेवर काकू अकरा वर्षे राहिल्या होत्या. त्यांचे यजमान अनंतराव तिथे भरतीमापक यंत्रांच्या देखभालीच्या कंत्राटावर गेले होते. समुद्र दर वर्षी किती वर चढतो याची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. फ्रिजवरचा कागद तिथल्या राजधानीच्या, फुनाफुटीच्या, भरतीचा होता. बेट सोडून इतकी वर्षे लोटली, अनंतराव गेले, देश बदलले. काकूंचे पाय मात्र अजून त्याच पाण्याच्या वेळा पाळत होते.

मग रोज सकाळी ईरा लॅपटॉप घेऊन खाली जाऊ लागली, आणि मीही. बाहेर अकेशियाला पिवळे तुरे आले होते, रिमझिम काचेवर तिरकी रेघ ओढीत होती, आणि काकूंच्या मंद, किंचित घोगऱ्या स्वरातून एक देश हळूहळू पृष्ठभागावर येत होता. नऊ बेटे, सगळी मिळून आपल्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढी. टेकडी नाही, नदी नाही, झरा नाही. छपरावर पडेल तो पाऊस टाकीत साठवायचा आणि तोच प्यायचा. काही ठिकाणी बेट इतके अरुंद, की रस्त्यावर उभे राहिले तर एका कानात महासागराची गर्जना आणि दुसऱ्या कानात आतल्या शांत पाण्याची कुजबुज. शासन? तिथे पक्ष नाहीत. इंग्लंडचा राजा हाच त्यांचाही राजा. निवडून आलेले सदस्य मोजके, सगळे सगळ्यांना लहानपणापासून ओळखणारे. आणि प्रत्येक बेटावर वडीलधाऱ्यांची सभा, जिथे प्रत्येक घराण्याने ठरलेल्या खांबाला पाठ टेकून चटईवर बसायचे. "एखादं घराणं संपलं तरी त्याचा खांब रिकामाच ठेवतात," काकू म्हणाल्या. "तिथं कोणी टेकत नाही." अर्थव्यवस्था? नारळ, परक्या जहाजांवर खलाशी म्हणून जाणारे पुरुष, मासेमारीचे परवाने.

"आणि तू ते खेळाचे व्हिडिओ बघतेस ना, त्या पत्त्याच्या शेवटी टी आणि व्ही येतं? ती अक्षरं त्यांची. त्यांच्या देशाला मिळालेली. ती वापरायला देऊन सरकार चालतं."

"शट अप! खरंच?" ईराचे डोळे विस्फारले. "म्हणजे मी रोज तुवालूला जाते?"

"जातेस, पण पाय लावत नाहीस," काकू म्हणाल्या. "बरं करतेस."

त्या क्वचितच हसत. पण हे म्हणताना हसल्या, आणि मला ते हसू आवडले नाही. खोल विहिरीत दगड टाकावा आणि आवाज फार उशिरा यावा, तसे काहीतरी त्यात होते.

कारण पाय लावण्याचीच तर भीती होती. युद्धाच्या काळात अमेरिकनांनी तिथे धावपट्टी बांधली, ती बेटाचेच पोवळे खणून. मागे उरलेल्या खड्ड्यांत पाणी साचले आणि समुद्राशी कुठेही जोडलेले नसताना भरती-ओहोटीबरोबर चढू-उतरू लागले. पोवळे सच्छिद्र असते. वर्षारंभीच्या मोठ्या भरतीला तिथे पाणी किनाऱ्यावरून आत येत नाही, जमिनीतून वर येते. निरभ्र सकाळी, वाऱ्याची झुळूकही नसताना, अंगणात एक बुडबुडा फुटतो. मग दुसरा. स्वयंपाकघराच्या मागे, झोपाळ्याखाली, कोंबड्यांच्या पायांत माती हलके हलके श्वास घेऊ लागते, आणि थोड्याच वेळात अंगणात आभाळ पडलेले असते.

"आजी, पॉप्युलेशन किती लिहू?" ईराने एका सकाळी विचारले.

"अंगणातले धरून की सोडून?"

ईराला कळले नाही. मलाही. काकूंनी तिला उपग्रहाचा नकाशा मोठा करायला सांगितला, आणि आपले बोट धावपट्टीच्या कडेने, पाण्याच्या टाक्या मोजत, एका पत्र्याच्या छपरापर्यंत नेऊन थांबवले. तिथे मेलेल्यांना दाराशीच पुरतात. छपरापाशी एक पांढरा आयत दिसत होता, आणि त्याला बिलगून दुसरा, अगदी लहान. पडद्यावरचा धुळीचा कण वाटावा एवढा. ईराने तो नखाने खरवडून पाहिला. तो गेला नाही.

"मोठी ती लोसा. आमची घरमालकीण," काकू म्हणाल्या. "धाकटी माझी. रेवा. सव्वा महिन्याची होती."

ईराने बोट पडद्यावरून काढून मुठीत घेतले. मी काकूंचा हात धरला. तो थंड होता, आणि ओलसर.

त्यानंतर त्या सांगत राहिल्या, खिडकीकडे पाहत, दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारख्या. तान्ह्या मुलाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत. अनंतरावांनी लोसाच्या अंगणात खड्डा खणला, आपल्या रीतीने आत मीठ घातले, माती सारखी केली आणि वर कसलीही खूण ठेवली नाही. खूण ठेवली की जीव घुटमळतो, असे काकूंच्या सासूबाई म्हणत. पण लोसाच्या लोकांत बिनखुणेचे मूल म्हणजे टाकून दिलेले मूल. दुसऱ्या दिवशी तिने भोवती पांढऱ्या पोवळ्याचे खडे रचले, वर हातभर पत्र्याचे छप्पर घातले. काकूंनी खडे काढले. लोसाने पुन्हा लावले. कित्येक दिवस त्या दोघी एक शब्दही न बोलता भांडत होत्या: तिन्हीसांजेला एकीने लावायचे, पहाटे दुसरीने उचलायचे. एका पहाटे काकूंचे हात खड्यांपर्यंत गेले आणि तसेच परत आले. पुढे बेट सोडताना लोसा म्हणाली, ही आता आमच्या अंगणात मोजली जाते. आणि मरताना तिने आपली जागा त्या एवढ्याशा छपराच्या शेजारी मागून घेतली.

"मी खडे राहू दिले ना, म्हणून ती राहिली," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून ती भरतीला येते. मी जमिनीवर पाय ठेवला की खालून तळवा लावते."

आता लोसाची मुलगी, तिलिया, आपले सारे कुटुंब घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाली होती. अंगणाची कड समुद्राने कुरतडली होती. जाण्यापूर्वी ती आईच्या अस्थी चर्चच्या उंच जागेत हलवणार होती. तिचा आवाज काकूंच्या फोनमध्ये तीन आठवडे पडून होता. काकूंनी तो आम्हाला ऐकवला. मागे वाऱ्याचा सुस्कारा, कोंबडा, आणि एक मृदू, घाई नसलेला स्वर: "मदर सुमती, बेबीला आईबरोबर नेऊ, की तुम्हाला पहिल्यापासून हवं होतं तसं खडे काढून तिथंच सोडू? फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी पाणी उतरलं की खणणार. तुम्ही सांगाल तसं."

सोडले, तर खूण पुसली जाणार होती, जीव मोकळा होणार होता; पण तिच्यावरून समुद्र वाहणार होता. नेले, तर ती कोरडी राहणार होती आणि पुन्हा एका खुणेला बांधली जाणार होती, या वेळी ओळखणारे कोणीही मागे न राहता. निखिल म्हणाला होता, "आई, तुला वाटेल ते कर, पण झोपत जा गं." त्याला ती बहीण फक्त एका वाक्यापुरती ठाऊक होती.

आमच्याकडे शुक्रवारची सकाळ होती. तिथे शनिवार फटफटत होता. ज्यांना आपण गमावले त्यांच्याकडे आपल्या आधी उजाडावे, हे मला त्या दिवशी फार भयंकर वाटले. आमच्या घड्याळात नऊ वाजता तिथली भरती पूर्ण होणार होती. काकूंनी पाय खुर्चीवर घेतले, पदर ओढला. पाऊस थांबला होता, आणि उत्तरेकडून, खाडीकाठच्या जुन्या मिठागरांवरून, कुजक्या शेवाळाचा खारा वास खिडकीतून आत येत होता. ईरा गालिच्यावर मांडी घालून टाइप करीत होती. "ते लोक सगळा देश स्कॅन करतायत, आजी. बॅकअप. बेट गेलं तरी कंप्युटरवर राहील."

"अंगणंही?"

"आय थिंक सो."

"मग तिथंही पाणी येईल," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात ईरा ताडकन उठली. "आई, इट्स वेट."

मी गालिच्यावर तळवा ठेवला. ओल होती असे मला शपथेवर सांगता येणार नाही; नव्हती असेही नाही. तिथे एक गारवा होता, हाताएवढा, नव्हे, हातापेक्षा पुष्कळच लहान. आणि तो क्षणभर माझ्या तळव्याला टेकून राहिला. मी हात काढून घेतला. काकू माझ्याकडे शांतपणे पाहत होत्या.

"कळलं ना?" एवढेच त्यांनी विचारले.

मग त्यांनी जे केले ते मी त्यांना कधी करताना पाहिले नव्हते. भरती ऐन भरात असताना त्यांनी दोन्ही पाय हळूच खाली सोडले आणि तळवे गालिच्यावर पूर्ण टेकवले. त्यांचा श्वास लांब झाला; ओठ हलले, अंगाईचे हलतात तसे, आवाजाविना. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. घड्याळाचा काटा चालत होता, पण त्या खोलीतला काळ त्याच्या मोजणीत नव्हता.

शेवटी त्यांनी फोन उचलला आणि तिलियासाठी बोलल्या, साध्या इंग्रजीत, शब्द एकेक ठेवीत. तिला लोसाबरोबर ने. पण वेगळी ठेवू नकोस. लोसाच्या हाताच्या घडीत ठेव, एकाच जागी. तिच्यासाठी वेगळी खूण नको. दगडावर नाव फक्त लोसाचं घाल.

दुपारी, तिथले पाणी उतरल्यावर, उत्तर आले. "येस, मदर. आईला आवडेल." पाठोपाठ खणण्याचा एक आवाज, आणि तो मध्येच तुटला.

ईराच्या छापील अहवालात लोकसंख्येपुढे दुसऱ्या दिवशी मी पाहिले: इंटरनेटवरचा आकडा, आणि त्यापुढे पेन्सिलीने, अधिक एक. शाळा सुरू झाल्यावर शिक्षिकेने त्याखाली प्रश्नचिन्ह काढून दिले. ईराने ते अधिक एक खोडले नाही.

उन्हाळ्यात निखिलला समुद्रापासून दूर, नोव्हाय गावी, एका मोटारींच्या कंपनीत नोकरी मिळाली आणि काकूही तिकडे गेल्या. त्या आता कोणाच्याही घरात सरळ शिरतात, असे तो फोनवर सांगतो. फ्रिजवरचा कागद त्यांनी नेला नाही. खालचे घर रिकामे झाल्यावर कामगारांनी जुना गालिचा उचलला, तेव्हा मी आणि ईरा दारात उभ्या होतो. त्यांच्या खुर्चीच्या जागी, उघड्या काँक्रीटवर, एक पांढरे वर्तुळ उमटले होते; बांगडीएवढे, कडा शुभ्र, मध्य रिकामा. खाडी जवळ आहे, जमिनीतून क्षार वर येतात, सगळीकडे येतात, असे कामगार म्हणाला आणि ब्रश शोधायला गेला. ईराने बोट लावून जिभेवर ठेवले, आणि माझ्याकडे पाहिले. मी विचारले नाही.

हल्ली मीच परक्या घरात शिरताना उंबऱ्यापाशी थांबते, टाच टेकते, मग चवडा, मग एकेक बोट. काळाचे पाणी खालून किती वर आले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्यांची कुठेच खूण ठेवलेली नसते, त्यांचीच ओल तळव्याला सर्वांत आधी लागते.