माझ्यावरून पुसलेली ती ओळ

मित्रांनो, मी मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या भिंतीवरचा जुना फळा आहे. पाणी किती वाजता येणार, रेशनला साखर आली का, कुणाचं रक्षाविसर्जन कधी, सगळं माझ्यावर लिहिलं जायचं. लोक सायकलवरून एक पाय टेकून वाचायचे. काही वाद झाला की म्हणायचे, "फळ्यावर हाय काय? मग खरं!" मी काय फुगायचो म्हणून सांगू! त्या माजाची आता लाज वाटते.

आमच्याकडे एक रीत होती. मयताची बातमी आली की अख्खा फळा पुसायचा, तिच्याशेजारी दुसरं अक्षर ठेवायचं नाही. हे काम तालमीची देखभाल करणाऱ्या पिराजीमामांचं.

१९९६ साल होतं. पेठेतल्या संघप्रियाला नर्सिंग शिकायचं होतं. वयाच्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. एका दुपारी शेजारच्या सोमशेखरच्या फोनच्या दुकानात पन्हाळ्याहून तिच्या काकांचा फोन आला. तिच्या घराला कुलूप होतं, म्हणून सोमशेखरनं खडू घेऊन माझ्यावर लिहिलं, "संघप्रिया, मुलाखत उद्या अकराला पन्हाळ्यात. मूळ दाखले आण. काका." दुपारभरात निदान वीस जणांनी ते वाचलं.

चार वाजता तालमीचे म्हातारे वस्ताद वारले. पिराजीमामा रडतच आले आणि न वाचता फडकं फिरवून वस्तादांची बातमी लिहिली. दुकानं बंद झाली. सोमशेखरही अंत्ययात्रेला गेला.

दिवेलागणीला संघप्रिया कामावरून आली. तिनं मला वरून खालपर्यंत वाचलं. कट्ट्यावर नुकताच येऊन बसलेल्या आकारामला तिनं विचारलं, "दादा, माझ्या काकाचा निरोप आल्ता काय?"

"फळ्यावर न्हाय न्हवं? मग आला नसंल की."

ती घरी गेली. त्या ओळीची भुकटी अजून माझ्या अंगावर होती, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं!

तिसऱ्या दिवशी सोमशेखरनं दुकान उघडलं. तिला बघून हसत विचारलं, "काय गं, कशी झाली मुलाखत?" तिला काहीच ठाऊक नव्हतं. मग त्यानं सांगितलं, निरोप फळ्यावर लिहिला होता, दुपारभर लोकांनी वाचलाही होता.

पिराजीमामा तिथंच होते. हात जोडून म्हणाले, "पोरी, मीच पुसलं गं. रडता रडता वाचलंच न्हाय बघ."

"मामा, तुमच्या डोळ्यात पाणी हुतं," ती म्हणाली. "पन बाकीच्यांनी वाचलं हुतं की. माझं दार हितनं आठ पावलांवर हाय."

 मी भिंतीवरून सुटून पडलो असतो तर बरं झालं असतं.

पुढं ती साडीच्या दुकानात कामाला लागली. मोबाइल येईपर्यंत, रोज जाता-येता ती मला पूर्ण वाचायची. कुणाचं नाव दिसलं की थेट त्याच्या दाराची कडी वाजवायची. "आक्काताई, तुमच्या लेकाचा निरोप हाय, वाचला काय?"

मित्रांनो, दुसऱ्याच्या नावाचं काही वाचलंत तर ते तोंडानं सांगा. फळ्यावर विसंबू नका. तिनं वाजवलेली प्रत्येक कडी मी ऐकली आहे. त्या दुपारी तिच्या दाराची कडी एकानंही वाजवली नाही.