सत्तेचाळीस नंबरचं झाड

विद्यापीठामागच्या रस्त्यावर तीनशे माणसं तोंड वर करून उभी होती. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि झाडातून पाणी टपकत होतं. बुंध्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर हात ठेवून झाडबाबा सांगत होते, "ही देवाची खूण. सत्तेचाळीस. चार नि सात, अकरा. अकरा दिवस डोळ्यांत थेंब घाला आणि चष्मा फेकून द्या." स्वतः बाबांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता.

तो पट्टा मी मारला होता. निसर्ग संवर्धन शिकताना आम्ही झाडांचे घेर मोजतो आणि मोजलेल्या झाडावर पट्टा नि नंबर टाकतो.

तरी मी गप्प बसले. रस्ता रुंद करायला हे झाड तोडणार होते, पण गर्दी बघून करवतवाले परत गेले. आमचे सर म्हणाले, "एवढे अहवाल लिहिले, एक फांदी वाचली नाही. राहू दे बाबाला." मलाही पटलं, हे कबूल करते.

महिनाभरानं वसतिगृहातून घरी गेले, तर आईच्या उशाशी झाडबाबांच्या पाण्याची बाटली. काचबिंदूचं औषध तिनं बंद केलं होतं.

"आई, हे घालू नकोस."

"का? तुझ्याच विद्यापीठामागचं झाड ना? तू तर काही बोलली नाहीस."

बोलावं तर झाड जाणार, न बोलावं तर आईचे डोळे. कोंडी माझीच, आणि मीच करून घेतलेली.

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "गेलेली नजर येणार नाही. उरलेली सांभाळा."

तिथून प्रयोगशाळेत. त्या झाडाची फांदी बरणीत ठेवली, तिच्यावरचा फेस काडीनं बाजूला केला आणि आईच्या हाती भिंग दिलं. आत हिरवे किडे होते.

"हे दिवसभर झाडाचा रस पितात आणि जास्तीचं पाणी मागून सोडतात. थेंब कुठून येतोय, बघ."

आईनं बराच वेळ बघितलं. "म्हणजे मी डोळ्यांत किड्यांचं मूत घालत होते."

बरणी घेऊन आम्ही रस्त्यावर गेलो. लोकांनी भिंगातून पाहिलं. बाबा म्हणाले, "किडाही देवाचंच रूप."

"मग आधी तुमच्या डोळ्यांत घाला," आई म्हणाली. बाबांनी काही चष्मा काढला नाही.

मी म्हणाले, "झाड रडत नाही. ते सावली देतं, पाणी जमिनीत मुरवतं. त्याला वाचवायला एवढं कारण पुरे. औषध सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो कसा होतो ते विचारा."

झाड वाचवायच्या अर्जावर सही करायला तीनशेतले एकोणीस थांबले. पहिली आई.

"सहीची रेघ कुठंय? बोट ठेव," ती म्हणाली. मी बोट ठेवलं.