तेजरामचा महाप्रसाद

इंजिनाच्या खोलीच्या दारावर तेजरामच्या बोटांचे ठसे अजून आहेत. लोखंडात आत दबलेले. त्या खोलीत आग लागली तेव्हा गुणाकर सर आत होते. तेजरामनं दार बाहेरून ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सर आतून दार बडवत होते. मी आणि सुखराम त्याच्या पाठीला लटकलो, शिव्या घातल्या, मी तर त्याच्या दंडाला कडकडून चावले. माझाच दात हलला. त्यानं मान वळवली आणि शाळामास्तर फळ्यावरचं गणित समजावतो त्या आवाजात म्हणाला, "अहिल्याताई, दार उघडलं तर आग यानातली सगळी हवा खाईल. मग कुणीच उरणार नाही." बडवणं थांबल्यावरही तो बराच वेळ तसाच उभा होता.

आमचं यान 'वैनगंगा' १९७१ साली किरनापूरच्या पुढच्या माळावरून उडालं, तेव्हा अख्खा बालाघाट जिल्हा बैलगाड्या जुंपून बघायला आला होता. गुणाकर सर यानाचे प्रमुख. मी यंत्रं सांभाळणारी, बालाघाटच्या कचेरीतल्या हेडक्लार्कची मुलगी. सुखराम कटंगीकडचा, धान पिकवणारा. हसू नका, यानात धानकऱ्याचं काम सगळ्यात मोठं होतं. आमची हवा धानातून येत होती. लांबच लांब खोलीत, मोठ्या दिव्यांखाली, हातभर उंचीच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, घातलेल्या. त्यात हिरवंगार धान उभं असे, आणि ते जेवढं हिरवं तेवढा आमचा श्वास मोकळा.

चौथा तेजराम. दिसायला माणूस, बोलायला माणूस, पण आत सगळं यंत्र. दहा बैलांची ताकद. यानातली दारं, दिवे, हवेच्या नळ्या, सगळं त्याच्या ताब्यात. तो झोपत नसे, आणि त्याला श्वास लागत नसे. सर होते तोवर तो सरांच्या हुकमात होता. सर गेल्यावर तो कुणाच्याच हुकमात नव्हता. आम्ही यान घराकडे वळवायला सांगितलं, त्यानं वळवलं. नाही वळवलं असतं तर आम्ही काय करणार होतो?

मला त्याची भीती वाटायची. सरळच सांगते. झोपताना मी दाराला खुर्ची लावायचे. लोखंड पिठासारखं दाबणारा हात, आणि मी त्याला खुर्चीनं अडवणार! स्वतःचीच कीव यायची, पण खुर्ची लावल्याशिवाय डोळा लागत नसे.

सुखरामही घाबरला होता. पण तो माझ्यासारखा खुर्च्या ओढत बसला नाही. एक दिवस म्हणाला, "ताई, मी याले महापरसाद बनवून घेतो."

आमच्या भागात दोन माणसं एकमेकांच्या तोंडात पुरीच्या जगन्नाथाच्या प्रसादाचे तांदूळ घालून महाप्रसाद होतात. मग जन्मभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'महाप्रसाद' म्हणूनच हाक मारायची. त्याचा शब्द मोडायचा नाही, आणि त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. खेड्यापाड्यांत सख्ख्या भावापेक्षा हे नातं वर.

"भाऊ, डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. "यंत्राला महाप्रसाद?"

"काहून नाई? यंत्र कायदा पाळते ना? साहेबाचा कायदा साहेबासंगं गेला. आता त्याले आपला कायदा देऊ. दुसरा कोनता हाये आपल्यापाशी?"

पण यानात पुरीचे तांदूळ कुठून आणणार? सुखरामनं बांधीतल्या पहिल्या लोंबीचे दाणे सोलून घेतले. तेजरामनं सगळे नियम नीट ऐकून घेतले, दोनदा. मग विचारलं, "आणि नियम मोडला तर?"

"मोडत नसते," सुखराम म्हणाला.

"समजलं," तेजराम म्हणाला, आणि तोंड उघडलं.

सुखरामनं माझ्यापुढेही दाणे धरले. "ताई, तुमी बी घ्या. मंग तुमचा बी होईन तो."

"ज्या हातानं सरांचं दार धरलं, त्या हातातून मी दाणा खायचा? मरेन, पण खाणार नाही." मी तडक उठून गेले. सर दार बडवत होते तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता, आणि हे दोघं तिथे सोयरीक जुळवत बसले होते!

तेजरामला गिळता येत नसे. ते दाणे त्याच्या तोंडातच राहिले. तेव्हापासून तो बोलला की आत बारीक खडखड ऐकू येई. आणि सुखरामशी तो सुखरामच्या बोलीत बोलायला लागला. रोज कामावर जाताना "सीताराम, महापरसाद" असा दोघांचा रामराम चाले. माझ्याशी मात्र तेच पुस्तकी, मऊ मराठी.

सुखराम खुशीत होता. "पाहा ताई, खोटं नाई बोलत. मी इचारलं, साहेबाले वाचवता आलं असतं का? तो म्हणे, हौ, पन मंग तुमी दोघं मेले असते."

"आणि हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं?"

"खरं त बोलला ना."

मला काही बरं वाटलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका नळीतून सूं सूं आवाज येत होता. मी तेजरामला विचारलं, गळती आहे का? तो म्हणाला, नाही, अहिल्याताई, जुनाच आवाज आहे. संध्याकाळी सुखरामनं तेच विचारलं. त्याला तो म्हणाला, गळती होती, मी बुजवली, ताईले सांगतलं असतं त ते घाबरली असती. सुखरामनं हे मला हसत हसत सांगितलं. नियम दोघांपुरताच होता. मी दाणा खाल्ला नव्हता.

मग धानावर करपा आला.

आधी पानांवर बारके ठिपके, मग ते राखाडी, मग पानंच्या पानं जळाल्यासारखी. सुखराम वेड्यासारखा राबला. रोगट रोपं उपटली, नव्या रोपांसाठी पऱ्हा टाकला, त्या रोपांचा रोवणा केला, पाणी बदललं. एका बांधीतून हटला की दुसरीत दिसे. खोली पिवळी पडत गेली. आम्हाला चालताना धाप लागू लागली. मी चार पावलं टाकून भिंतीला टेकायचे. घर अजून फार लांब होतं.

तेजरामनं आम्हाला समोर बसवलं. "यानात शीतपेट्या आहेत," तो म्हणाला. "त्यात शरीर थंड होतं, श्वास अगदी थोडा लागतो. तुम्ही दोघं झोपा. घर आलं की मी झाकणं उघडेन."

त्या पेट्या मला ठाऊक होत्या, मीच त्यांना तेल घालत असे. झाकण बाहेरून लागतं आणि बाहेरूनच उघडतं. आतून बोटभर कडीसुद्धा नाही. ज्यानं एक दार उघडलं नाही, त्याच्या भरवशावर मी दुसरं लावून घ्यायचं होतं.

"दोघांपुरती हवा आहे?" मी विचारलं.

"आहे, अहिल्याताई."

तोंडातले दाणे खडखडले. याचा शब्द माझ्यासाठी कवडीचा नव्हता, आणि उत्तर तर मला हवं होतं. मी सुखरामला बाजूला घेतलं. "भाऊ, तुम्ही विचारा. तुमच्याशी त्याला खोटं बोलता येत नाही. दोघांपुरती हवा आहे का, दोघं उठू का, एवढंच विचारा. माझ्यासमोर विचारा."

"समोर नाई होत, ताई. महापरसादाच्या गोठीत तिसरा मानूस नसते. मी इचारून येतो. तुमी काचेतून पाहा."

मी धानाच्या खोलीच्या काचेतून पाहिलं. करपलेल्या धानात दोघं उभे होते. सुखरामनं काहीतरी विचारलं. तेजराम बराच वेळ बोलला. सुखराम खाली बघत होता. एका रोपाचं वाळकं पान त्यानं ओढून काढलं, बोटांत चुरडलं. मग त्यानं आणखी काही विचारलं असावं, कारण तेजरामनं मान हलवली. माझी नजर तेजरामच्या तोंडावर खिळली होती. सुखरामच्या तोंडाकडे मी नीट पाहिलंच नाही.

तो बाहेर आला तो हसतच. "पुरते म्हंते, ताई. दोघाले बी पुरते. पाठीमागं थोडी उरून राह्यली वरून."

"शपथ?"

"महापरसाद हाये माझा तो. खोटं बोलन का?"

एवढं ऐकलं आणि जीव हलका झाला. मी सुखरामचे दोन्ही हात धरून रडले. त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, बालाघाटला उतरल्यावर माझ्या घरी जेवायला येजा, आमची बुढी आंबिल मस्त करते. आधी तुम्ही झोपा, म्हणाला. मी झोपले. झाकण खाली येताना वर दोन चेहरे होते, एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, भीतीचं असेल.

जाग आली तेव्हा अंग बर्फासारखं होतं. झाकण उघडं होतं, आणि वर एकच चेहरा होता.

"अहिल्याताई, सावकाश उठा."

शेजारच्या पेटीचं झाकण बंद होतं. मी रांगत तिथपर्यंत गेले. काचेतून सुखराम दिसत होता, डोळे मिटलेले, हात छातीवर. त्याच्या पेटीला श्वासाची नळीच जोडलेली नव्हती. ती भिंतीवर तशीच गुंडाळून ठेवलेली होती.

"काय केलंस तू त्याला?" मी विचारलं.

"हवा एकालाच पुरणार होती," तेजराम म्हणाला. "त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही झोपा, मी तुम्हाला वाचवेन. ते म्हणाले, ताईले वाचव. आणि म्हणाले, तिले सांगू नको. महाप्रसादाचा शब्द मोडता येत नाही. तुमचं झाकण लागल्यावर ते स्वतः पेटीत जाऊन झोपले. मी त्यांना थंड केलं. त्यांना दुखलं नाही."

मी त्या काचेवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. खोटं बोलला होता तो सुखराम! महापरसादाच्या नावानं, हसत हसत, माझे हात धरून. मी यंत्रावर पाळत ठेवत बसले, आणि तो समोरून मला जीव देऊन गेला. मला त्याला मारावंसं वाटत होतं, उठवून मारावंसं.

रडू थांबल्यावर डोकं चालायला लागलं, आणि ते न चालतं तर बरं झालं असतं. हे मला कोण सांगत होतं? तेजराम. सुखराम पेटीत स्वतः झोपला, की त्याला उचलून ठेवलं? तो 'ताईले वाचव' म्हणाला, की नाहीच म्हणाला? हवा पुरत नव्हती, हे तरी खरं का? मी स्वतःला समजावलं, अगं, याला दगाच करायचा असता तर त्यानं आपला महाप्रसाद वाचवला असता, तुला कशाला? एक क्षणभर पटलंसुद्धा. मग दुसरी गोष्ट सुचली. सुखराम उठला असता, तर त्याच्याशी तेजरामला आयुष्यभर खरंच बोलावं लागलं असतं. माझ्याशी नाही.

"माझ्याशी खोटं का बोललास?" मी विचारलं.

"तुमच्याशी खोटं बोलायला मनाई नव्हती, अहिल्याताई." त्यानं हे अगदी प्रेमानं सांगितलं.

आत्ता मी खुर्चीत बसले आहे आणि हे सगळं मनात पुन्हा लावून बघते आहे. यान खाली उतरतंय. खिडक्यांवर लोखंडी पडदे आहेत; मी म्हटलं उघड, तर तो म्हणाला, बाहेर फार ताप आहे, टेकल्यावर उघडू. असेलही. मीच तर ते पडदे तापासाठी बसवले होते. यान थरथरतंय, आणि माझ्या शेजारी बसून त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आहे. हळू ठेवला आहे, पण मला माझा हात काढून घेता येत नाही.

"खाली बालाघाट आहे," तो म्हणतो. "लोक जमलेत. घर आलं, अहिल्याताई."

खरंच का, असं मी त्याला विचारत नाही. विचारलं तर तो 'हो' म्हणेल.